मल्लव्वाचं खातं

(दुपार. घर गप्प. मग स्वयंपाकघरातला फ्रिज थडथडतो आणि गुणगुणायला लागतो.)

उत्कर्षा: आली! सयाजीदादा, लाइट आली. ऐकू आलं का तुम्हाला?

सयाजी: आलं की, ताई. फोनमधून तुमच्या फ्रिजनंच सांगितलं. आता घाई करू नका. लॅपटॉप सुरू करा आणि हात मांडीवर ठेवा.

उत्कर्षा: हात कुठले मांडीवर राहतायत. दीड तास झाला वाट बघत. पुन्हा गेली तर? ह्याच्या बॅटरीत जीव नाही. वायर निसटली की हा संपला.

सयाजी: म्हणूनच म्हणतो. माळशिरसला साखर कारखान्यात बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळलाय मी. यंत्राला माणसाची घाई कळते आणि ते मुद्दाम सावकाश चालतं.

शिवलीला: आई, फोनमध्ये कोण मामा आहेत?

उत्कर्षा: ग्रुपमधले आहेत, शिवू. ‘कॉम्प्युटरचा पार’ नाही का आईचा? कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की सगळे तिथं विचारतात. त्या ग्रुपचे हे मोठे मामा. तू चित्र रंगव.

शिवलीला: पार म्हणजे काय?

सयाजी: झाडाखाली बसून गप्पा हाणायची जागा, बाळ. आमच्या पाराला झाड तेवढं नाही, गप्पा लई.

उत्कर्षा: दादा, स्क्रीन अजून काळीच आहे.

सयाजी: असू दे. म्हातारं आहे, उठायला वेळ लागणार.

उत्कर्षा: सकाळी तुमची पोस्ट वाचली आणि तव्यावर भाकरी करपली माझी. दोन वर्षं न उघडलेली खाती आज रात्री बाराला पुसणार म्हणे.

सयाजी: म्हणे कशाला? कंपनीनं सहा महिन्यांपूर्वी जाहीर केलंय. मी तीनदा टाकली बातमी.

उत्कर्षा: तिन्हीदा वाचली. पण ती माझ्यासाठी आहे असं वाटलंच नाही बघा. माझं खातं रोज उघडतंय की. लग्नाआधीचं एक आहे, हेच मी विसरले होते.

सयाजी: आणि त्यातच तो आवाज.

उत्कर्षा: त्यातच. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ह्याच लॅपटॉपवर अव्वाचा, माझ्या आईचा, पाळणा रेकॉर्ड केला होता, आमच्या अक्कलकोटच्या घरी. नुसती हौस म्हणून. आता दीड वर्ष झालं, झटका आल्यापासून अव्वा बोलत नाही. नुसतं ‘हां’. पाणी पाहिजे तरी ‘हां’, नको तरी ‘हां’. थेरपीवाल्या ताई म्हणाल्या, तिच्याच आवाजातलं गाणं ऐकवा, बोलणं गेलेल्या माणसाचे ओठ कधीकधी गाण्याला हलतात. आणि मी ते गाणं ह्यातून हलवून कुठं ठेवलंय, तर पुसायला निघालेल्या खात्यात.

सयाजी: रडू नका, ताई. कीबोर्डवर पाणी चालत नाही.

उत्कर्षा: रडत नाही. कांदा चिरून ठेवलाय शेजारी.

सयाजी: बरं, कांदा. दिसलं का काही?

उत्कर्षा: दिसलं! आलं. पण दादा, वैरागच्या मानसिंगरावांनी लिहिलं होतं ना, ज्याचे अपडेट बंद झाले ते यंत्र नेटला जोडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून लग्नाला जाणं. त्या भीतीनं मी ह्याला साडीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. परवा एक्स्चेंजमध्ये देऊनसुद्धा टाकणार होतो.

सयाजी: मानसिंगराव बरोबर बोलले. पण दहा मिनिटं आपण दारात उभं राहू. नव्या फोनवरून प्रयत्न केला असता तर खात्यानं तुम्हाला उभंच केलं नसतं. त्याला ओळखीचं यंत्र लागतं. पासवर्ड आठवतोय?

उत्कर्षा: तो कसा विसरेन? टाकला... घेतला! पासवर्ड घेतला, दादा! थांबा. आता म्हणतंय, तुमच्या नंबरवर कोड पाठवतो. शेवटचे आकडे सहा आणि एक. अगं बाई.

सयाजी: काय झालं?

उत्कर्षा: हा माझा जुना नंबर. अप्पांनी त्यांच्या कागदावर घेऊन दिलेला. लग्न झाल्यावर इकडचं कार्ड घेतलं, ते सोडून दिलं. कुणीच पैसे भरले नाहीत त्यात.

सयाजी: मग तो दुसऱ्या कुणाला गेला असणार. वर्षानुवर्षं भरलं नाही की कंपनी नंबर पुन्हा विकते.

उत्कर्षा: मी कोड पाठवायचं बटण दाबलंसुद्धा.

सयाजी: दाबलंत? बोलेपर्यंत थांबायचं की, ताई. दहा मिनिटं चालतो तो कोड. आता त्या माणसाला फोन लावावा लागेल. नंबर सांगा, मी आपल्या बोलण्यात त्यालाही घेतो. पण मी तोंड उघडणार नाही. कोड कुणाला सांगू नका, कुणाला मागू नका, हे ग्रुपवर मीच चिकटवून ठेवलंय.

चनबसप्पा: हॅलो, कोण? चनबसप्पा बोलतोय, मंगळवेढा, ज्वारीचं दुकान.

उत्कर्षा: नमस्कार काका. मी सोलापूरहून उत्कर्षा बोलतेय. तुमच्या फोनवर आत्ता एक मेसेज आला असेल बघा, सहा आकड्यांचा. तो चुकून तुमच्याकडं...

चनबसप्पा: आलाय की. अन् मागोमाग तुमी आला. वा! मला परवाच एक मेसेज आलाय, कोड मागनाऱ्याला चहा पाजा अन् पोलिसाला फोन करा. खाली नाव बी हाय, सयाजी, माळशिरस. लई शाना माणूस.

सयाजी: अं... हो.

चनबसप्पा: ह्यो दुसरा कोण खाकरला? टोळी हाय व्हय तुमची?

उत्कर्षा: नाही हो काका! ते मदत करतायत. हा नंबर आधी माझा होता. खातं माझंच आहे.

चनबसप्पा: तुमचं नाव काय म्हनला?

उत्कर्षा: उत्कर्षा.

चनबसप्पा: मेसेजात तर मल्लव्वा लिवलंय.

उत्कर्षा: ते... मीच मल्लव्वा.

चनबसप्पा: एका मिनटात दोन नावं! अजून थांबलो तर तिसरं बी निघंल की.

मथुराबाई: उत्कर्षा, कुनाचं नाव घेतलंस गं?

उत्कर्षा: आत्या, तुम्ही उठलात? काही नाही, झोपा तुम्ही.

मथुराबाई: काय न्हाय कसं? सात वर्सांत ह्या घरात ते नाव ऐकलं न्हाय. अन् त्यो माणूस काय म्हनतोय तुला?

शिवलीला: आज्जी, ते काका आईला टोळी म्हणाले.

मथुराबाई: आन तो फोन हिकडं. ओ, कोन तुमी? सासू बोलतीया मी हिची. टोळी कुनाला म्हनता? मल्लव्वाच हाय ती. लग्नात नाव बदललं आमी. ताटात तांदूळ मीच पसरला हुता, आन माज्या ल्येकानं अंगठीनं लिवलं, उत्कर्षा. चारशे मान्सांनी बघितलंय.

चनबसप्पा: बघितलं असंल, मावशी. पर त्या तांदळाचा कागुद हाय का?

मथुराबाई: कागुद कशाला? त्याची खीर केली आमी.

सयाजी: ताई, सहा मिनिटं राहिली.

उत्कर्षा: काका, पाया पडते तुमच्या. माझ्या आईचा आवाज आहे त्या खात्यात. आज रात्री ते पुसलं जाणार. दुसरं काही नको मला.

चनबसप्पा: आईचा... थांबा. तुमी खरंच ह्या नंबरच्या आदीच्या मल्लव्वा?

उत्कर्षा: हो.

चनबसप्पा: मग एक सांगा. चार वर्सं झाली मला हे कार्ड घेऊन. त्यातली अडीच वर्सं दर सोमवारी सकाळी एका म्हातारीचा फोन यायचा. कन्नडात बोलायची. मल्लव्वा, ऊटा आतेन? जेवलीस का? दोन सोमवार मी राँग नंबर म्हनून ठेवला. तिसऱ्या सोमवारी काय वाटलं कुनास ठाऊक, म्हनलं, मल्लव्वा कामात हाय अव्वा, जेवली ती, तुमी जेवला का? मग दर सोमवारी तेच. दीड वर्स झालं, बंद झाला फोन. त्या म्हातारीचं नाव सांगा. तिनं मला एकदाच सांगितलंय.

सयाजी: ताई, चार मिनिटं राहिली.

उत्कर्षा: सुंदरम्मा.

चनबसप्पा: हां.

उत्कर्षा: तिच्या बटणाच्या फोनमध्ये दोन नंबर होते. अप्पांनी भरून दिलेले. दोन दाबलं की माझा जुना, तीन दाबलं की नवा. वाचता येत नाही तिला. मला वाटायचं, दोनवरचा जुना कुणी काढून टाकला असेल. नव्या नंबरवर फोन आला की ती आधी विचारायची, उत्कर्षाबाई आहेत का? मला राग यायचा. म्हणायचे, अगं अव्वा, मीच आहे, अशी परक्यासारखी काय बोलतेस?

मथुराबाई: ते मीच सांगिटलं हुतं इहीनबाईस्नी. म्हनलं, सवय लागू द्या सगळ्यास्नी. मल्लव्वा म्हातारं वाटतंय, उद्या ल्येकरं शाळंत गेली की पोरं हसतील. त्या एका शब्दानं बी काय म्हनल्या न्हाईत मला.

उत्कर्षा: तुमच्या घरात उत्कर्षा म्हणायची, आत्या. आणि सोमवारी मंगळवेढ्याला फोन करून मल्लव्वा म्हणायची.

चनबसप्पा: लिवा, पोरी. कोड लिवा. सयाजीराव माळशिरसकरांना सांगू नका म्हंजे झालं.

सयाजी: मी फोनवर नाहीच.

चनबसप्पा: सात, शून्य, दोन...

उत्कर्षा: शिवू, तुझा खडू दे, पटकन! सात, शून्य, दोन...

शिवलीला: मी लिहिते! सात कसा काढायचा, उलटा की सुलटा?

मथुराबाई: दे हिकडं, माझ्या हातावर लिवते. आक्षर न्हाय येत, आकडं येत्यात मला. म्होरं बोला.

चनबसप्पा: दोन, नऊ, चार.

उत्कर्षा: हात सरळ धरा, आत्या. सात, शून्य, दोन, दोन, नऊ, चार... फिरतंय. गोल गोल फिरतंय, दादा.

सयाजी: फिरू द्या. वायरीला पाय लावू नका कुणी.

शिवलीला: आज्जी, तुझा पाय!

मथुराबाई: लांब हाय गं माझा पाय.

उत्कर्षा: उघडलं. दादा, उघडलं! ‘मल्लव्वा, पुन्हा स्वागत’ असं लिहिलंय.

सयाजी: संपलं. आता हे खातं जिवंत झालं, आज रात्री कुणी हात लावणार नाही. तरी आधी ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, मग ऐका. यंत्राचा भरवसा नाही.

उत्कर्षा: लावलाय पेन ड्राइव्ह. उतरतेय. काका, आहात ना तुम्ही?

चनबसप्पा: हाय की. गिऱ्हाईक थांबवलंय. अव्वा बरी हाय न्हवं?

उत्कर्षा: आहे. बोलता येत नाही तिला आता. त्यामुळंच फोन बंद झाला.

चनबसप्पा: असं व्हय. मी आपलं भलतंच समजून बसलो हुतो. अजून सोमवारी फोन वाजला की आदी नंबर बघतो. भेटलात की सांगा तिला, मंगळवेढ्याची मल्लव्वा जेवली म्हनून. ठेवतो.

सयाजी: ताई, मीही जातो. आणि आजचं हे ग्रुपवर लिहू नका हां. कोड सांगितल्यानं भलं झालं, असं कळलं तर माझ्या चिकटवलेल्या मेसेजची इज्जत जाईल.

उत्कर्षा: नाही लिहीत. दादा, तुमचे उपकार...

सयाजी: उपकार राहू द्या, वायर सांभाळा.

मथुराबाई: उतरलं का गं?

उत्कर्षा: उतरलं, आत्या. शनिवारी अक्कलकोटला घेऊन जाते.

मथुराबाई: मी बी येते. एक शब्द बोलायचा राहिलाय इहीनबाईंशी. आता लाव की, हितंच. मला बी ऐकू दे.

शिवलीला: अक्कलकोटची अव्वा ह्याच्यात आहे? ती बोलते?

उत्कर्षा: बोलते. ये, मांडीवर बस. ऐक.

सुंदरम्माचा आवाज: चालू आतेन? लाल दिवा लागला म्हणजे चालू ना गं? जो जो... थांब, घसा कोरडा पडला. मल्लव्वा, नीर कोड. पाणी दे गं. मल्लव्वा? आत्ता तर हितं होती. ए मल्लव्वा! एल्ली होदी?

शिवलीला: एल्ली होदी म्हणजे?

मथुराबाई: कुटं गेलीस, म्हनत्यात त्या.

सुंदरम्माचा आवाज: मल्लव्वा... ए मल्लव्वा...

शिवलीला: आई, तुलाच हाक मारतेय ना ती? मग तू ओ का देत नाहीस?