स्टुडिओचा गॉगल

उंब्रजच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक म्हातारा मांडीवर जुन्या फोटोंचा खोका घेऊन बसला होता. पलीकडच्या म्हातारीनं त्याला विचारलं,

“आवं नाथाजी, ह्ये घिऊन कुठं?”

“साताऱ्यात प्रदर्शन हाय, बनाक्का. पन्नास वर्सांतली पोरांची फॅशन. बेलबॉटम, कल्ले, समदं.”

“मिल्ट्रीच्या भरतीत केस जायच्या आदी पोरं तुमच्याकडं फोटो काढायची.”

“घरच्यांना चोरून. कैकांनी परत यिऊन न्हेलंबी न्हाईत.”

“आमच्या हिंदुरावाचा आसंल त्यात?”

“तुमच्या भावाचा? घरात न्हाई व्हय एकबी?”

“हाय की, वर्दीतला. हार घातलेला.”

“पन वळखायचा कसा? गॉगल स्टुडिओचा, एकच. समदी त्योच घालायची. निम्मं त्वांड झाकलेलं.”

“शर्ट बघा. मोठ्या कॉलरचा, फुलाफुलांचा.”

“तवा समद्यांचंच तसलं होतं, आक्का.”

“त्याच्या कॉलरीला जरीचा काठ हाय. माझ्या लग्नातलं लुगडं फाडून मीच शिवलाता.”

“थांबा, खोका उघडतू.”

“नाथाजी, साताऱ्याची गाडी लागली तुमची.”

“जाऊंद्या. धरा, ह्यो निम्मा गठ्ठा तुमी बघा.”