दारावरचा नाच

घरातल्या नाचालाही सरकारी परवाना लागेल असा कायदा आला, त्या एकोणीसशे पस्तीस सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एनिस गावच्या कोर्टात डीलिया एका गाढवाच्या खटल्यात साक्ष द्यायला आली होती. तिच्या शेजारी बाकावर नोरा कॉन्सिडाइन आणि व्हायोलिन वाजवणारा पॅकी पुकाऱ्याची वाट पाहत होते; त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“किती वाजले रे, पॅकी?”

“मघाशी विचारलंत, त्याला दोनच मिनिटं झालीत, नोराताई.”

“बाराला गाडी आहे. मॉली स्टेशनवर एकटी उभी असेल. इंग्लंडला निघालीय माझी पोर.”

“तिच्या निरोपाचाच नाच होता, हे न्यायाधीशांना सांगा.”

“माझ्याच स्वयंपाकघरात नाचायला परवाना! तिकीट लावलं होतं का मी? वर चहा पाजला.”

“पण पोलीस शिपाई येताना दिसला, तेव्हा दार तरी लावायचं.”

“कुठलं दार? तुम्हीच ते बिजागऱ्यांवरून काढून जमिनीवर टाकलंत, टाचांचा आवाज घुमावा म्हणून! तो आत आला तेव्हा चौघं दारावरच नाचत होती.”

“आणि मॉली त्यालाच म्हणाली, ‘या, एक गडी कमीच पडतोय.’”

“हसू नकोस मेल्या. किती वाजले?”

“पावणेबारा.”

आतून कारकून ओरडला, “नोरा कॉन्सिडाइन!”

नोरा उठली, शाल आवरली आणि बाहेरच्या पायऱ्यांकडे वळली.

“अहो, कोर्ट इकडे! शिक्षा वाढेल.”

“वाढू दे. त्यांना सांग, मी उद्याही याच गावात सापडेन. मॉली नाही सापडायची.”

दुसरा पुकारा झाला. पॅकीने डोक्यावरची टोपी काढली, घसा खाकरला आणि तो आत गेला.