एका हाताची पेटी

मंडळी, ऐका! नामाचा गजर झाला, घसे मोकळे झाले, आता जरा कान मोकळे करा. एक प्रश्न विचारतो. आपण दुसऱ्याला काही देतो ना — बायकोला, मुलाला, म्हाताऱ्या बापाला — तेव्हा माप कुणाचं घेतो? त्याचं, की आपल्या मोठेपणाचं?

हां! लगेच माना डोलवू नका. "त्याचंच हो, बुवा!" म्हणायला काय जातंय? दिवाळीला आईसाठी धुलाईयंत्र आणलंत. आई अजून साडी दगडावरच आपटते, आणि यंत्रावर फुलदाणी ठेवलीय! कोण हसलं तिकडे? तुमच्याच घरी का?

तर खाडीकाठी पाणंदे नावाचं गाव. तिथे रामाचं देऊळ, आणि देवळात पेटी वाजवणारे अप्पा धुपकर. या गावाची एक रीत होती. रामनवमीला भर बाराला पाळणा म्हणायचा — शब्द तेच, पिढ्यानपिढ्यांचे — पण चाल मात्र दर वर्षी नवी! आणि ती बांधायची पेटीवाल्याने. अप्पा म्हणायचे, "बाळ दर वर्षी नवं जन्मतं, मग त्याला शिळी चाल का?" वर्षभर ते चाल डोक्यात घोळवायचे, आणि नवमीपर्यंत घरातसुद्धा कुणाला ऐकवायचे नाहीत.

आणि त्या साली, पौषात, अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला!

जीव वाचला. पण डावा हात गेला, जीभ जड झाली. बोललेलं कळेना, मग गाणं कसलं? उजवा हात तेवढा शाबूत.

तुम्ही म्हणाल, उजवा आहे ना, मग वाजवू दे की! अहो, आमच्या सावंतांना विचारा, इथेच बसलेत पेटीवर. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा? डावा भात्यावर! भाता हलला नाही तर पेटी म्हणजे नुसतं लाकूड.

अप्पांची लेक वासंती, अंगणवाडीत शिकवायची, बापापाशीच राहायची. ती म्हणाली, "अप्पा, भाता मी मारते. तुम्ही वाजवा." बसले दोघं. पण अप्पांना स्वर हळू हवा तिथे हिचा भाता जोरात, आणि भरून हवा तिथे हवाच संपलेली! दुसऱ्याच्या छातीने श्वास घेता येतो का हो? अप्पांनी पेटी दूर सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी वासंतीला बाजूला घेतलं. "दुसरा झटका कधीही येईल. सांभाळा." आता सांभाळायचं काय? माणूस तर सांभाळत होतीच ती. पण त्या डोक्यातली चाल? ती अजून कुणीच ऐकली नव्हती. अप्पा गेले की तीही जाणार!

गुढीपाडव्याला पुण्याहून वासंतीचा धाकटा भाऊ शिरीष आला. कंप्युटरमधला मोठा माणूस! जीपमधून उतरवला भलामोठा विजेचा पियानो. चार जणांनी उचलला. गाव गोळा! "बापासाठी केलं हो पोराने!" फोटो निघाले. अप्पांना खुर्चीवर बसवलं. जन्मभर मांडी घालून वाजवलेला माणूस — खुर्चीवर! पट्ट्या अशा जड की बोट दुखावं. तिसऱ्या सुराला अप्पांचा तोल डावीकडे गेला. सावरायला डावा हात कुठाय? घसरलेच! वासंतीने कसंबसं धरलं.

शिरीष लाल झाला. "ताई, एवढं चांगलं आणलं, तर त्यांना किंमतच नाही!" त्याच संध्याकाळी तो निघून गेला. पियानोवर चादर पडली. देवळाचे पंच भाऊ लिमये येऊन म्हणाले, "वासंती, मनाला लावून घेऊ नकोस. गेल्या वर्षीचा पाळणा माझ्या फोनवर आहे. स्पीकरवर लावू." अप्पांनी ते ऐकलं, मंडळी! डोळे मिटले, आणि त्या दिवशी पेजसुद्धा घेतली नाही.

पण वासंतीचं लक्ष होतं. सप्तमीला बघते तर अप्पांचा उजवा हात गोधडीवर चालत होता! बोटं पुढे, मागे, मध्येच थांबायची. ती उठली, पाट आणला, त्यावर तांदळाचं पीठ पसरलं आणि अप्पांच्या मांडीवर ठेवला. "अप्पा, वाजवा."

अप्पा वाजवू लागले! पिठात बोटांचे ठसे उठले. डावीकडे इथवर, उजवीकडे इथवर. वासंतीने सुतळी धरली आणि माप घेतलं. बोटाच्या रुंदीचंसुद्धा!

दुसऱ्या दिवशी एसटीने रत्नागिरी. वाद्यांच्या दुकानात म्हणाली, "भाता नसलेली, मांडीवर मावणारी, हलकी पेटी द्या." दुकानदाराने मिडी कीबोर्ड मांडले, नुसत्या पट्ट्यांच्या फळ्याच. "हा घ्या, पंचवीस पट्ट्यांचा. एवढासा, स्वस्त, पोरं घरी गाणी करायला हाच नेतात." वासंतीने बोट ठेवलं. पट्टी बारीक! अप्पांचं एक बोट दोन पट्ट्यांवर पडलं असतं. "आणि सप्तकं दोनच?" "अहो ताई, हे बटण दाबलं की वरचं सप्तक येतं!" वासंती म्हणाली, "उजवा हात वाजवतोय. दाबायचं कुणी?"

मग दुकानदाराने एकसष्ट पट्ट्यांचा दाखवला. सुतळी लावली — मांडीबाहेर. शेवटी कोपऱ्यातून निघाला एक सदतीस पट्ट्यांचा. तीन सप्तकं. पट्ट्या पेटीएवढ्या रुंद आणि हलक्या. ना दिवे, ना फिरवायच्या चकत्या, म्हणून तर परवडणारा! सुतळी लावली. बरोब्बर!

आली घरी. अष्टमीचा दिवस. मांडीवर ठेवला, फोनच्या चार्जरला जोडला. बारका दिवा लागला! अप्पांनी सा दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. काही नाही! अप्पांनी तिच्याकडे बघितलं, आणि वासंतीने वायर काढून पुन्हा खोचली. तरी काही नाही! काय झालं होतं? पेटीवाल्याची पोर ती! सगळं विचारलं, पण आवाज कुठून येतो ते विचारलंच नाही. पेटीत सूर असतोच, हे कुणी विचारतं का? आणि दुकानदाराला वाटलं, हिला ठाऊक असेल!

आता विचारायचं कुणाला? एकच माणूस. रुसून गेलेला! तिने फोन लावला. "शिरीष, मी चुकले रे. उद्या नवमी आहे. अप्पांसाठी मिडी कीबोर्ड आणलाय, पण हा बोलतच नाही!"

पलीकडून शिरीष म्हणाला, "ताई, त्याला स्वतःचा आवाज नसतो. तो नुसता बोटं कळवतो, आवाज कंप्युटर काढतो. थांब. मी निघतो."

नवमीला सकाळी शिरीष दारात! लॅपटॉप आणला होता, त्यात पेटीचा आवाज भरून. अप्पांना उचलून देवळात नेलं, जाजमावर लोड लावून मांडी घालून बसवलं. देऊळ भरलेलं. पाळण्याच्या दोऱ्या बायकांच्या हातात. भाऊ लिमये फोन घेऊन तयारच!

देवळाचा स्पीकर बिनवायरचा. शिरीषने लॅपटॉपला जोडला. अप्पांनी सा दाबला — आणि — मग — सा! बोट आधी, सूर मागून! अप्पा पुढच्या सुरावर गेले, तर मागचा आत्ता येतोय. हात थबकला. अप्पांनी तो पट्ट्यांवरून उचलून बाजूला ठेवला.

"शिरीष," भाऊ म्हणाले, "बारा वाजत आले. लावू का गेल्या वर्षीचा?"

शिरीष घामाघूम! पडद्यावर बघतोय, बटणं दाबतोय. वासंती ओरडली, "अरे, तिकडे काय बघतोस? त्यांच्या हाताकडे बघ!"

बघितलं. अप्पांनी पुन्हा एक बोट पट्टीवर दाबलं होतं, आणि ते सुराची वाट बघत होतं. शिरीषच्या ध्यानात आलं! "ताई, वायर! हवेतून आवाज उशिरा पोचतोय!" वासंतीने माइकच्या पेटाऱ्यातली वायर ओढून काढली. त्याने लॅपटॉपमधून स्पीकरमध्ये खुपसली. अप्पांनी दाबला — सा!

तिथल्या तिथे!

आणि घंटा झाली, मंडळी! गुलाल उडाला, आणि अप्पांच्या एका हाताखालून ती चाल बाहेर आली. पहिली ओळ बायकांनी नुसती ऐकली. दुसरीला एकीने गळा लावला, आणि तिसरीला सगळं देऊळ गात होतं! भाऊ लिमयांनी फोन खिशात टाकला आणि डोळे पुसले.

सुंठवडा वाटून झाला. शिरीष बापाच्या पायाशी बसला. "अप्पा, मी एवढं मोठं आणलं होतं. माझं चुकलं कुठे?"

अप्पांची जीभ जड. एकेक शब्द उचलून बाहेर ठेवावा तसे बोलले. "वा…ईट… न…व्हतं. तू… वि…चार…लं… नाहीस."

बस! याउपर मी काय सांगू? मंडळी, तुमची ऐपत दांडगी आहे, ठाऊक आहे मला. मन तर त्याहून मोठं! पण घरी जाल तेव्हा आज काही विकत नेऊ नका. म्हाताऱ्यांपाशी खाली बसा आणि विचारा, "तुम्हाला काय हवंय?" आणि विचारलंत की उठू नका लगेच. त्यांना बोलायला वेळ लागतो.

बोला, सियावर रामचंद्र की जय!