गच्चीवरची तार

वर्सोव्याला मढच्या फेरीबोटीच्या रांगेत माझ्यासारखीच एक शाळकरी मुलगी आत्याशी जोरजोरात भांडत होती.

"तेजल, गच्चीवरची तुझी तार आज काढायची. सोसायटीचा सेक्रेटरी मलाच बोलतो."

"ती माझ्या रेडिओची एरियल आहे गं! त्याच्या पापडांना चालते गच्ची, माझ्या एका तारेला नाही?"

"हातात मोबाईल आहे ना? मग ती खरखर कशाला?"

"मोबाईलवर ओळखीचेच भेटतात. हॅम रेडिओवर नुसती हाक मारायची, जो ऐकेल तो उत्तर देतो. मी परीक्षा पास झालेय, लायसन येईपर्यंत नुसतं ऐकते. काल जबलपूरचे आजोबा सापडले, श्रीलंकेतल्या कुणाला तरी गुडघेदुखी सांगत होते!"

"अनोळखी पुरुष! उद्या सासरी चालेल काय गो हे?"

"लायसनबरोबर कॉलसाइन मिळतो, आत्या, रेडिओवरचं आपलं नाव. लग्नात आडनाव बदलतात, तो नाही बदलत."

"बरी शिकलीस! आता सेक्रेटरीला मी काय सांगू?"

"तू नको सांगू. फोन दे इकडे... हॅलो काका, तेजल बोलतेय. तार मी बांधलीय. आत्याला काही बोलायचं नाही, मला बोला. आणि मी ती काढणार नाहीये."

रांग पुढे सरकली. मागे ऐकत उभे असलेले आम्ही कुणीच हललो नाही.