प्रार्थनेसाठी आमच्या घरचा नंबर

आमची लेक कमला हुशार, पण विसराळू! तिने इथल्या एका मोठ्या तमिळ चर्चची वेबसाइट बनवली, चर्चवाल्यांना मजकूर स्वतः बदलता येईल अशी. चाचणीपुरता प्रार्थनेच्या पानावर आमच्या घरचा नंबर घातला, तो तसाच राहिला.

रविवारी एका बाईचा तमिळमध्ये फोन. "फादर, मुलगा पितो. प्रार्थना करा."

मी ओरडलो, "आधी त्याचे लाड बंद कर!" ती रडायला लागली. मग केली प्रार्थना, आमच्या मारुतीला.

दिवसभर फोनच फोन, प्रत्येकाला आधी ओरडा, मग प्रार्थना. संध्याकाळी कमलाला कळलं. "अय्यो अप्पा, माझं काम गेलं!" रडतच तिने चर्चच्या फादरना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "नंबर बदल. पण ते रागीट फादर पुढच्या रविवारी प्रवचन देतील का, लोक विचारतायत."