मुहूर्तानं वाढवलेला खर्च

मुहूर्त किती महाग पडतो, ते मला विचारा. पोरगा मंगळवार पेठेत कर्ज काढून फ्लॅट घेत होता. मी रोज कानीकपाळी ओरडत होते, "मार्चातच दस्त कर, एप्रिलात सरकारी दर वाढतात."

"आई, पाडव्याशिवाय न्हाय."

पाडवा आला एप्रिलात. मुद्रांक शुल्क अंदाजापेक्षा वाढलं, आणि वरचे पैसे त्याच्याकडं नव्हते. नोंदणी कार्यालयात तो नुसता येरझारा घालत होता.

एजंट म्हणाला, "दस्ताच्या दिवशीचा दर लागतो, आजी."

मी भिंतीवरचा तक्ता वाचला. "पावणं, एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी न्हवं?"

"व्हय. पण कागद बदलायला आठ दिवस जातील."

"जाऊ देत. सुनेचं नाव घाला."

पोरगा थांबला. "आणि माझं?"

"तुझं हप्त्यावर हाय की."