पाणलाव्याची चार अंडी

—नाही गं, ओरडू दे त्याला थोडं, बस तू इथे बांधावर. खाडीच्या चिखलात रुतलाय, बुडत नाहीये. बाकीचे सगळे तिकडे बसपाशी जेवतायत, त्यांना ऐकू जायचं नाही, वारा उलटा आहे. फोन ठेव. ठेव म्हणतो ना, सई! तू पक्षीवाल्या ग्रुपमध्ये नवीन, पहिलीच सहल तुझी, तुला वाटेल भगवानकाकांचं डोकं फिरलं — ऐक तर आधी.

आमच्या बेलवलीत, बिल्डिंगच्या मागे, पाणी साचतं, लव्हाळा माजतो — आता तिथे टॉवर होतोय, ते सोड — तिथे गेल्या जुलैत मला पाणलाव्याचं घरटं दिसलं. चार अंडी. पाणलावा म्हणजे दलदलीतला लांब चोचीचा पक्षी, त्यांच्यात कसं असतं, मादी अंडी घालते नि निघून जाते. बसतो तो नर. ऊन, पाऊस, साप, काही असो — उठत नाही. मी रोज सकाळी गच्चीवरून दुर्बीण लावून बघायचो. जवळ कधी गेलो नाही. एवढं काय बघायचं त्यात? अगं, आमची यशोधरा तीन वर्षांची होती तेव्हा तिची आई गेली. अंबरनाथला फर्स्ट शिफ्ट असायची माझी, पहाटे चारला उठून तिच्या वेण्या घालायचो, मग शेजारच्या भिमाबाईंकडे सोडायचो. हे मी कुणाला बोलत नाही. तुला कशाला सांगतोय, कोण जाणे.

तर ते घरटं मी अभिजीतला दाखवलं. हो, मीच! ग्रुपचा सेक्रेटरी, पोरगा हुशार — आणि खरं सांगू, कुणीतरी 'वा काका' म्हणावं असं वाटलं मला. म्हणाला, "काका, प्रॉमिस, कुणाला बोलणार नाही." आणि रविवारी खिडकीतून बघतो तर वीस-बावीस माणसं, हे एवढाले कॅमेरे! लोकेशन टाकलं होतं त्याने. फोटोत गवत आडवं येतंय म्हणून घरून कात्री आणली होती, कात्री — घरट्याभोवतीचा लव्हाळा कापून साफ केला. मी तसाच बनियनवर खाली धावलो, ओरडलो. तर म्हणतो, "काका, चिल ना, दोन मिनिटं." दोन मिनिटं! आडोसाच गेला. संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी चारही अंडी उचलली. आणि तो नर... दोन दिवस त्या रिकाम्या खळग्यात बसून होता गं. दोन दिवस.

पुढे त्या फोटोला बक्षीस मिळालं. हॉल घेतला, हार घातला, मोठी फ्रेम. फोटोला नाव काय दिलं माहितीय? 'बाप'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या — सगळ्यांत जोरात.

आज ओहोटीला तुतवार पक्ष्यांचा थवा लांब चिखलावर उतरला, अभिजीतला जवळून फोटो पाहिजे होता. मला विचारतो, "काका, पुढे घट्ट आहे ना?" पंधरा वर्षं येतोय मी या खाडीवर, कुठला चिखल माणूस धरून ठेवतो ते मला नाही कळणार? म्हटलं, "जा बिनधास्त." बस, एवढंच बोललो.

हो, भरती लागलीय, दिसतंय मला. काही होत नाही, तिथे छातीच्या वर पाणी चढत नाही. कसं माहीत म्हणजे? गेल्या रविवारी भरतीच्या वेळी होडीतून बांबू घालून बघितलं ना — काय बघतेस अशी? खुनी आहे काय मी? छातीपर्यंत, बस. हलता येत नाही म्हणजे काय ते कळू दे त्याला. कॅमेरा जाऊ दे खाडीत. मग मीच काढणार होतो त्याला, त्या झुडपामागे होडीवाल्यांची लांब फळी आहे, ते बघूनच ठेवलं होतं —

काय म्हणालीस? पाय? हो, मांडीपर्यंत आत गेलेत, म्हणजे तो... म्हणजे तेवढा तो खाली गेला, पाणी छातीला नाही, डोक्यावरून... ते मी... ते मी हिशोबात धरलंच नव्हतं गं.

ऊठ. ऊठ, सई, फळी काढ, तिच्यावर पालथी पडून चिखलावरून सरकत जा, तिच्यावरून अजिबात उतरू नकोस. मी बसकडे जातो, माणसं आणतो. जा, पळ! आणि ऐक — तो आधी कॅमेरा पुढे करेल. घेऊ नकोस. हात दे म्हणावं.